टॉवर लोकेशन तुडयेचं, माणूस आमच्याच माळावर. फोन कुठं आहे ते नेमकं काढतात कसं?

पश्चिमभागवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागमध्ये एका फाउंड्रीत कामाला आहे. घर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, राकसकोप जलाशयाच्या बाजूला. गावाचं नाव घालत नाही, भावकी वाचते.

प्रश्न आमच्या आप्पांवरून आहे. वय झालंय, अलीकडं विसरायला होतंय. शेताला जातो म्हणून निघतात आणि भलत्याच बांधावर जाऊन बसतात. म्हणून बंडीच्या खिशात साधा बटणाचा फोन घालून ठेवलाय. श्रावणात एकदा रताळ्याच्या माळाला जाऊन येतो म्हणाले, ते दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. पाऊस लागलेला. फोन आधी नुसता वाजत होता, मग ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ यायला लागलं. ठाण्यात गेलो. तिथल्या माणसानं खरंच धडपड केली, चार ठिकाणी फोन लावले आणि बऱ्याच वेळानं सांगितलं, ‘लोकेशन तुडयेचं येतंय.’ तुडये म्हणजे पाण्यापलीकडं, चंदगड तालुका, महाराष्ट्र. सगळी पोरं गाड्या काढून तिकडं पळाली. आप्पा सापडले चुलत्यांच्या खोपीत, आमच्या माळापासून हाकेच्या अंतरावर, पोतं पांघरून गाढ झोपलेले.

गावात शाळेमागं टॉवर आहे. तो सोडून फोन पाण्यापलीकडचा टॉवर का धरेल? तीन टॉवर जोडून जागा काढतात म्हणतात, मग एवढी चूक कशी? आणि परत असं झालं तर ठाण्यात नेमकं काय विचारायचं, हे जाणकारांनी सांगावं.

कॅम्पातला

ट्रूकॉलर टाका की राव. नाहीतर नंबर टाकला की लाइव्ह लोकेशन दाखवणाऱ्या वेबसाइट आहेत. माझ्या मित्रानं चोरीला गेलेल्या फोनसाठी पैसे भरून घेतलंय.

निपाणीकर

टॉवर हद्द ओलांडतो हे आम्हाला नवीन नाही. घरात कॉटवर पडलेलो असतो आणि मेसेज येतो, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. पूर्वी रोमिंगचे पैसे कापायचे तेव्हा कागलकडच्या खिडकीत उभं राहून फोन घ्यायचा नाही असा घरात नियमच होता. त्या मेसेजमागचं कारण कुणी सांगेल तर बरं. एकदा महाराष्ट्र धरला की फोन सोडतच नाही लवकर.

आरएफ_काका

एका मोबाइल कंपनीत आरएफला, म्हणजे टॉवरच्या रेडिओ सिग्नलच्या कामाला होतो, आता रिटायर. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा सगळा पट्टा ड्राइव्ह टेस्ट करून, म्हणजे गाडीतून फिरत सिग्नल मोजून, पालथा घातलाय. बोलेरोच्या मागच्या सीटवर लॅपटॉप, टपावर जीपीएसचा अँटेना, हातात सिग्नल मोजायचा टेम्सचा हँडसेट आणि ड्रायव्हरला एकच ताकीद, चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडा.

आधी कॅम्पातल्या दादांना. ट्रूकॉलरला फक्त नंबराचं नाव कळतं. आणि नंबर टाकून लोकेशन दाखवणाऱ्या त्या वेबसाइट म्हणजे पैसे काढायचे धंदे आहेत. ऑपरेटरकडची माहिती पोलिसांनी रीतसर मागितली तरच बाहेर येते, तुम्हा-आम्हाला कितीही पैसे टाकून मिळत नाही. चोरीच्या फोनसाठी सरकारचंच संचार साथी पोर्टल आहे, मे 2023 पासून देशभर. त्याला फोनचा 15 अंकी ओळख नंबर, आयएमईआय, लागतो. फोन हातात असतानाच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून लिहून ठेवा, गेल्यावर कुठून बघणार?

आता आप्पांचं. ठाण्यातल्या माणसाला ऑपरेटरकडून मिळाला तो सेलचा नंबर आणि त्या सेलचा टॉवर जिथं उभा आहे तो पत्ता. तो पत्ता त्यानं तुम्हाला वाचून दाखवला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, अर्धीच माहिती हातात आली होती.

एका टॉवरवर सहसा तीन सेक्टर असतात. आम्ही त्यांना अल्फा, बीटा, गॅमा म्हणायचो. प्रत्येकाचे अँटेना वेगळ्या दिशेला तोंड करून, ढोबळमानानं 120 अंश प्रत्येकाच्या वाट्याला. प्रत्येक सेक्टर म्हणजे एक सेल, आणि त्याला स्वतःचा नंबर: आधी देशाचा कोड (भारताला 404 आणि 405), मग ऑपरेटरचा, मग लोकेशन एरिया, शेवटी सेल आयडी. ऑपरेटरचा कोड आपल्याकडं सर्कलनिहाय (सर्कल म्हणजे टेलिकॉमनं पाडलेले विभाग) वेगळा आहे, त्यामुळं नंबर बघितल्या बघितल्या कळतं हा सेल कर्नाटक सर्कलचा की महाराष्ट्र-गोव्याचा. (गोवा टेलिकॉमच्या हिशोबात महाराष्ट्रातच आहे. कणकुंबी सोडून चोर्ला घाटाला लागलं की लॅपटॉपवर हा कोड बदलताना शेकडो वेळा बघितलाय.)

शाळेमागचा टॉवर का धरला नाही? फोनला कुठला टॉवर जवळ आहे हे माहीतच नसतं. तो उभा आहे त्या जागी कुणाचा सिग्नल पुरेसा भरतो एवढंच त्याला कळतं. गावातला टॉवर गावासाठी बसवलेला असतो, अँटेना खाली कलवलेला असतो, टिल्ट म्हणतात. मध्ये एखादं टेकाड आलं की त्यामागचा माळ सावलीत. पलीकडचा टॉवर उंचावर, मध्ये उघडं पाणी, आडवं काहीच नाही. पाण्यावरून सिग्नल लांबपर्यंत दणदणीत जातो. राकसकोपच्या काठावर हे फारच व्हायचं. राजहंसगडावर तर तऱ्हाच वेगळी: वर उभं राहिलं की चारी बाजूंचे सेल दिसायचे, यादी संपायची नाही आणि कॉल मात्र एकावरही धड टिकायचा नाही. उंचीवर सिग्नल कमी पडत नाहीत, नको तेवढे येतात.

म्हणजे नुसत्या सेल आयडीवरून कळतं ते एवढंच: फोन ह्या सेक्टरच्या आवाक्यात आहे. शहरात, खडेबाजारात, तो आवाका काहीशे मीटर असेल. आपल्या पश्चिम भागात कित्येक किलोमीटर.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स, टीए. टू-जीमध्ये प्रत्येक फोनला बोलायची आपापली वेळ नेमून दिलेली असते. लांबचा फोन वेळेवर बोलला तरी लहर पोचायला वेळ घेते आणि शेजारच्याच्या वेळेत घुसते. म्हणून टॉवर त्याला सांगतो, बाबा तू एवढा आधी बोलत जा. हे ‘एवढा’ 0 ते 63 अशा पायऱ्यांत मोजतात. एक पायरी म्हणजे एक बिट, 3.69 मायक्रोसेकंद. रेडिओ लहर मायक्रोसेकंदाला 300 मीटर जाते, आणि हे अंतर जाऊन-येऊन आहे, म्हणून निम्मं करायचं. एका पायरीला साधारण 550 मीटर आले. 63 पायऱ्यांचे 35 किलोमीटर, टू-जीच्या साध्या सेलची कमाल मजल तेवढीच.

समजा त्या रात्री टीए 9 होता. (मी समजा म्हणतोय, खरा आकडा माझ्याकडं नाही.) म्हणजे फोन टॉवरपासून 5 ते साडेपाच किलोमीटरच्या पट्ट्यात. कलिंगडाची फोड घ्या, आतला गर खाऊन टाका, उरते ती सालीची कड; फोन त्या कडेत कुठंतरी. सेक्टर 120 अंशाचा धरला तर ही कड लांबीला 11 किलोमीटर आणि रुंदीला साडेपाचशे मीटर. सहा चौरस किलोमीटर झाले. ऐकायला फार वाटतं, पण त्यातला जलाशय वगळा, डांबरी रस्ता आणि वस्ती वगळा (तिथं माणूस कुणाच्या तरी नजरेला पडला असता), राहतात ते चार-पाच माळ. त्यातला एक तुमचा. सेक्टरचं तोंड आपल्या बाजूला आणि टीए 8-9, एवढं कळलं असतं तर पोरं तुडयेला गेलीच नसती. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या फोनचा टीए शून्य किंवा एक येतो.

तेव्हा परत वेळ आली तर ठाण्यात तीन गोष्टी विचारायला लावा. सेक्टर कुठल्या दिशेचा, म्हणजे अझिमथ किती? टीए आहे का? आणि ही नोंद कितीची आहे? तिसरी सगळ्यात महत्त्वाची, ते पुढं कुणी विचारलं तर लिहितो.

पश्चिमभागवाला

काका, लई धन्यवाद. टेकाड आहेच मध्ये, बरोबर ओळखलंत. पण टीए ऑपरेटर देईल का? आणि तिसरी गोष्ट सांगाच. फोन वाजत होता तेव्हा आप्पा माळावर होते की खोपीत, हे आम्हाला अजून समजलेलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात मी घरीच होतो.

आरएफ_काका

टीए नेहमीच्या कॉल रेकॉर्डमध्ये नसतो. फोन नेटवर्कशी बोलत असतानाच तो मोजला जातो आणि नेटवर्कच्या आत राहतो. पोलिसांनी नेमका मागितला तर आणि तेव्हा जपून ठेवला असला तर मिळतो. मागून तर बघायचं.

आता नोंदीचं वय. लोकांना वाटतं फोन चालू आहे म्हणजे नेटवर्कला तो क्षणाक्षणाला दिसतोय. खिशातला फोन बराचसा वेळ गप्प असतो. तो नुसता ऐकतो, बोलत नाही. नेटवर्कला फक्त एवढं ठाऊक असतं की हा अमुक लोकेशन एरियात आहे, आणि एका एरियात कितीतरी टॉवर असतात. तुम्ही कॉल लावला की त्या एरियातले सगळे सेल एकदम त्याच्या नावानं पुकारा करतात, पेजिंग म्हणतात. फोन उत्तर देतो तेव्हा कळतं तो कुठल्या सेलवर आहे. म्हणून तुम्ही रिंग देत होतात तेव्हा प्रत्येक रिंगला नेटवर्कमध्ये ताजी नोंद होत होती. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ यायला लागलं त्यानंतर नवीन काहीच नाही. विचारलं तर शेवटची जुनी नोंदच पुढं येते. त्या नोंदीला वय जोडलेलं असतं, इतक्या मिनिटांपूर्वीची म्हणून. वाचणाऱ्यानं ते बघितलं नाही तर तासापूर्वीचा सेल आत्ताचा म्हणून सांगितला जातो.

फोन बटण दाबून बंद केला तर तो जाता जाता नेटवर्कला ‘निघालो’ असं कळवतो. बॅटरी संपली, ओला झाला किंवा खोपीच्या पत्र्याखाली रेंज गेली तर काहीच कळवत नाही. आणि काठावरच्या रेंजमध्ये बटणाचा फोन बोलताना पूर्ण जोर लावतो, 900 मेगाहर्ट्झच्या बँडला 2 वॅटपर्यंत. अशा जागी पुन्हापुन्हा रिंग मारत राहिलात तर त्याची बॅटरी तुम्हीच संपवता. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक रिंग पुरे.

ह्यातच निपाणीकरांचं उत्तर. स्वतःच्या सर्कलचं नेटवर्क गेलं की फोन शेजारच्या सर्कलचं धरतो. मग आपलं परत आलं तरी तो लगेच उडी मारत नाही. ठरावीक वेळानं एकदा शोध घेतो, आपलं घरचं नेटवर्क दिसतंय का. तो कालावधी सिमकार्डात लिहिलेला असतो, 6 मिनिटांपासून 8 तासांपर्यंत कितीही. काहीच लिहिलेलं नसेल तर 60 मिनिटं. म्हणून एकदा स्वागत झालं की तुम्ही तासभर महाराष्ट्राचे पाहुणे. आप्पांच्या बाबतीत मला हेच दिसतंय: टेकाडामागं गेल्यावर आपलं गेलं, पलीकडचं धरलं, आणि खोपीत परत आपलं येत असलं तरी फोन तिकडंच चिकटून राहिला. हा अंदाज आहे, पण आपल्या भागात असं मी पुष्कळ वेळा बघितलंय.

फायनल_इयर_ईसी

काका, पण तीन टॉवर घेतले तर ट्रायलॅटरेशननं, म्हणजे तिन्हींपासूनच्या अंतरांवरून, पॉइंट मिळतो ना? आम्हाला थिअरीत ओटीडीओए आहे, पन्नास मीटर अचूकता म्हणून शिकवलंय. सिग्नल स्ट्रेंथवरूनही अंतर काढता येतं. मग ऑपरेटर हे का करत नाहीत?

आरएफ_काका

थिअरी बरोबर आहे रे बाबा. आता ती घेऊन जांबोटीला जाऊया.

स्ट्रेंथचं आधी उरकतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल 6 डीबीनं (डेसिबलनं) पडतो, म्हणजे चौथाईवर येतो. जमिनीवर त्याहून जास्त पडतो, आणि किती ते जागेवर ठरतं. फोन बंडीच्या खिशात की हातात, एवढ्यानंच काही डीबी इकडचे तिकडे. ओलं झाड, भिंत, पत्रा, प्रत्येकाचा वेगळा हिशोब. ड्राइव्ह टेस्टमध्ये एकाच वळणावर जाताना एक आकडा आणि येताना दुसरा. त्यावरून अंतर काढणं म्हणजे अंदाजपंचे.

वेळेवरून काढणं चांगलं. तुझं ओटीडीओए तेच करतं: फोन दोन टॉवरचे सिग्नल ऐकतो, दोन्हींत किती फरकानं पोचले ते मोजतो. त्या फरकाचे सगळे बिंदू नकाशावर जोडले की हायपरबोला येतो. तीन टॉवर असले की दोन हायपरबोला, ते छेदतात तिथं फोन. समुद्रात बोटींसाठी लोरान हेच करायचं, मोबाइलच्या कितीतरी आधी. पण ह्यात गृहीत काय धरलंय? तिन्ही टॉवरची घड्याळं तंतोतंत जुळलेली आहेत. एक मायक्रोसेकंद चुकलं की 300 मीटर गेले. टू-जीचे टॉवर एकमेकांशी घड्याळ जुळवून चालतच नव्हते, गरजच नव्हती. मग ठिकठिकाणी वेगळी मोजणी यंत्रं बसवायची. अमेरिकेत ते करून बघितलं आणि सोडून दिलं. फोर-जीत मानकाच्या नवव्या आवृत्तीपासून, रिलीज 9 पासून, खास ह्यासाठी पोझिशनिंग रेफरन्स सिग्नल आले. तो पाठवायला नेटवर्कमध्ये सोय घालावी लागते, त्याला पैसे लागतात.

आणि समजा घातली. ऐकू यायला तीन टॉवर पाहिजेत ना! आमगाव, गवाळी, पास्तोली, भीमगडच्या जंगलातली ही वस्ती. तिथं एक टॉवर मिळाला तर नशीब. हायवेला उलटी अडचण. निपाणीपासून संकेश्वरकडं टॉवर रस्त्याच्या कडेनं जवळजवळ एका रांगेत. तिन्ही ऐकू येतात, पण रांगेतल्या टॉवरांवरून फोन रस्त्याच्या ह्या अंगाला की त्या अंगाला हे ठरत नाही. टॉवर माणसाच्या चारी बाजूंना पसरलेले असले तरच छेद नेटका पडतो. घाटात आणखी एक: सरळ लहर डोंगरानं अडवलेली, पोचते ती समोरच्या कड्यावर आपटून वळसा घालून आलेली. ती अंतर वाढवूनच दाखवते.

तुझे पन्नास मीटर कुठून आले तेही सांगतो. अमेरिकेत 911 ह्या आणीबाणीच्या नंबरला मोबाइलवरून फोन यायला लागले, माणूस कुठं आहे ते कळेना, म्हणून त्यांच्या टेलिकॉम नियामकानं, एफसीसीनं, 1996 मध्ये नियम आणला. पुढं आकडे ठरले ते असे: नेटवर्कनं मोजलं तर 67 टक्के कॉल 100 मीटरच्या आत आणि 95 टक्के 300 मीटरच्या आत, हँडसेटनं मोजलं तर 50 आणि 150. पन्नास मीटर ही हँडसेटची, म्हणजे मुख्यतः जीपीएसची अट होती, आणि तीही शंभरातल्या सदुसष्ट कॉलना. परीक्षेत लिहिताना उरलेले तेहतीस विसरू नकोस.

फोर-जीत टीएची पायरी 78 मीटरची आहे. फाइव्ह-जीत आपल्याकडच्या मिड-बँडला 39 मीटर धर. कलिंगडाची कड बारीक झाली, लांबी तेवढीच राहिली. फाइव्ह-जीत अँटेनाचे बीम अरुंद असल्यानं दिशाही चांगली कळते, पण ते टॉवर आधी राकसकोपपर्यंत येऊ देत.

वकिलांकडचा_कारकून

आमच्या ऑफिसात असे कागद नेहमी येतात म्हणून एक भर. कॉल रेकॉर्डमध्ये कॉल सुरू होतानाचा सेल आणि संपतानाचा सेल, अशा दोन नोंदी असतात. मधल्या वेळेत माणूस कुठं फिरला ते त्यात नाही. आरोपी ‘घटनास्थळी होता’ म्हणून हा कागद पुढं करतात तेव्हा समोरचे वकील पहिला प्रश्न विचारतात, ह्या सेलचा आवाका किती? इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं ते वेगळंच, आधी जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65-बी होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष अधिनियमाचं कलम 63. काकांनी सांगितलेलं हद्दीवरचं प्रकरण वाचून मला दोन जुन्या फायली आठवल्या, त्याबद्दल इथं लिहिणं बरं नव्हे.

कडोलीची_लेक

दादा, टॉवरचं जाऊ द्या, आप्पांना छोटा जीपीएस ट्रॅकर घ्या. आम्ही सासूबाईंना घेतलाय, त्याही अशाच निघून जायच्या. गळ्यात घालायचा आहे, त्या मंगळसूत्राबरोबर घालतात म्हणून काढून ठेवत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मात्र आमची अशीच पळापळ झाली. ॲपवर ठिपका काकतीला, आणि त्या मागच्या परसात. मग मुलीनं बघितलं, ठिपक्याखाली बारीक अक्षरात कधी जीपीएस येतं कधी एलबीएस. एलबीएस आलं की तो ठिकाणावर नसतो. हे का होतं काका?

आरएफ_काका

अक्का, तुमच्या मुलीला आरएफमध्ये नोकरी द्यायला पाहिजे. एलबीएस म्हणजे ट्रॅकरला आकाश दिसेना, म्हणून त्यानं जो सेल धरलाय त्याचा नंबर एका यादीत शोधून तिथली जागा दाखवली. म्हणजे आप्पांच्या तुडयेचाच प्रकार, फक्त ॲपमध्ये. अशा याद्या लोकांच्या फोनवरूनच जमवलेल्या असतात: जीपीएस चालू असलेला फोन जिथं जिथं फिरला तिथं कुठले सेल आणि कुठले वाय-फाय दिसले ते गोळा करायचं. मोझिलाचीही अशी एक सेवा होती, 2024 मध्ये बंद केली. शहरात वाय-फायची गर्दी असते म्हणून स्मार्टफोन जीपीएसशिवायही गल्ली बरोबर सांगतो. माळावर कुठलं वाय-फाय? तिथं सेलच, आणि सेल म्हणजे किलोमीटर.

पश्चिमभागवाले दादा, ट्रॅकर घ्याच, अक्कांचं ऐका. पण दुकानात बसून सिम ठरवू नका. दोन-तीन कंपन्यांची सिम घालून तो माळावर, टेकाडामागं आणि खोपीत न्या, जिथं निरोप पोचतो ते सिम ठेवा. टू-जीवर चालणारा घेऊ नका, फोर-जीचा बघा. रेंज नसताना जागा साठवून ठेवून रेंज आली की पाठवणारा असला तर उत्तम. जीपीएसला उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती उतरवून घ्यायला निदान अर्धा मिनिट आकाश मोकळं लागतं. पत्र्याखाली किंवा काजूच्या दाट बागेत तेवढंही मिळत नाही. नेटवर्ककडून ती माहिती आधीच घेणारे ट्रॅकर लवकर जागा धरतात, विकणाऱ्याला ए-जीपीएस आहे का विचारा. बंडीच्या आतल्या खिशात ठेवू नका, खांद्यापाशी शिवून टाका.

पश्चिमभागवाला

रविवारी सिम घेऊन माळावर जातो. आप्पांच्या खांद्यावर शिवायचं काम आईकडं देतो, मी शिवलं तर ते उसवून बघतील. कळवतो इथं.

निपाणीकर

काका, शेवटचं एक. फोन महाराष्ट्राच्या टॉवरवर असताना 112 लावलं तर कुणाला लागतं? कोगनोळीजवळ रात्री गाडी बंद पडली तर बायकोला हा नंबर सांगून ठेवलाय.

आरएफ_काका

आणीबाणीचा कॉल फोन ज्या सेलवर आहे त्यावरून वाटेला लागतो, नंबर कुठला आहे त्यावरून नाही. सेल महाराष्ट्राचा तर कॉल तिकडच्या कंट्रोल रूमला जाऊ शकतो, आणि त्यांच्यासमोर जागा येईल तीही त्याच सेलच्या हिशोबानं. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी 112 दुसऱ्या कुणाच्याही टॉवरवरून लागतो, त्यामुळं हद्दीवर तर कुठला टॉवर उचलेल ते सांगताच येत नाही. वहिनींना सांगून ठेवा, फोन उचलल्या उचलल्या राज्य, जिल्हा, तालुका, मग हायवेच्या कडेचा किलोमीटरचा दगड किंवा जवळचा पूल. पलीकडून मराठीत उत्तर आलं म्हणून कर्नाटक सांगायचं विसरायचं नाही.